सूनबाईंचा गुरुवार

पलीकडच्या सूनबाई गुरुवारचा उपास करतात, असं आमच्या अख्ख्या गल्लीचं मत होतं. कारणही तसंच होतं. दर गुरुवारी गाडी दारात उभी, नवरा ऑफिसात, मुलगा शाळेत आणि बाई वरच्या खोलीत दार लावून. बेल वाजवा, उघडत नाही. फोन करा, उचलत नाही. समोरच्या गुजराती बेननी मला विचारलंसुद्धा, ‘कोणत्या देवाचं करते?’ मी सांगून टाकलं, दत्ताचं. एडिसनमध्ये इतकी वर्षं काढली, तरी दार लावून बसलेल्या बाईचं दुसरं कारण आम्हाला सुचेना.

खरी बातमी फुटली ती सासूबाईंकडून. मिरजेच्या काकू एप्रिलात सहा महिन्यांसाठी आल्या आणि मग आमचं कुंपण खऱ्या अर्थानं वापरात आलं. पांढरं, प्लास्टिकचं, छातीएवढं. पलीकडे काकूंची मेथी, अलीकडे माझा पुदिना, आणि दोन्हीकडे अधूनमधून डोकावणारी हरणं.

‘कसला उपास नि काय!’ काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. ‘संशोधन करते ती. आठवड्यातला एकच वार मिळालाय म्हणे. त्या दिवशी हाकसुद्धा मारायची नाही, मला ताकीद आहे.’

‘संशोधन? ती तर शिकवते ना, पीएच्या कॉलेजात?’

‘तेच मला कळत नाही. पीए आमच्याकडे आमदाराचा असतो. ही म्हणते डॉक्टरचा. म्हणजे कंपाउंडरच की हो! मिरजेत जन्म गेला माझा, बोळाबोळांत दवाखाने. कंपाउंडर किती पाहिले, पण त्यांच्यावर कुणी संशोधन केलेलं ऐकलं नाही.’

नेमक्या त्याच क्षणी सूनबाई चहाचा कप घेऊन डेकवर. कुंपणावरच्या गप्पांचा हा एक नियमच आहे, ज्याच्याविषयी बोलावं तो कानाशी येऊन उभा.

‘आई, कंपाउंडर नव्हे हो. परवा तुमचं बीपी बघून गोळी बदलली ती कोण होती?’

‘डॉक्टरीणबाई. फार गोड मुलगी.’

‘ती पीए होती. फिजिशियन असिस्टंट. तपासणं, निदान करणं, औषध लिहून देणं, ऑपरेशनला सर्जनच्या समोर उभं राहून मदत करणं, हे सगळं करतात. डॉक्टरांच्या जोडीनं.’

काकूंनी मेथीची दोन पानं खुडली आणि थोडा वेळ त्यांच्याकडेच बघितलं. डॉक्टर नसलेल्या मुलीकडून गोळी घेतली आणि बीपी उतरलंही, ह्या दोन गोष्टी एकत्र बसवायला त्यांना वेळ हवा होता.

तो वेळ सूनबाईंनी इतिहासानं भरून काढला. शिक्षिकेला गप्प राहता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं ड्यूक विद्यापीठ, तिथले डॉ. यूजीन स्टेड. डॉक्टर कमी पडत होते, म्हणून त्यांनी आधी अनुभवी नर्सना पुढचं शिक्षण द्यायचा घाट घातला होता. थेल्मा इंगल्स ह्या नर्सबाई त्यात बरोबर होत्या. पण नर्सिंगच्या मान्यता देणाऱ्या संस्थेनं तो अभ्यासक्रम काही मान्य केला नाही. मग स्टेडनी १९६५ साली नौदलातून सुटून आलेल्या चार वैद्यकीय मदतनिसांना हाताशी धरलं. चारांतले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ ला उत्तीर्ण झाले. आज अमेरिकेत असे तीनशेच्या वर अभ्यासक्रम आहेत, आणि पावणेदोन लाखांच्या वर पीए. दहांतल्या सात बायका.

‘तिघांचे पावणेदोन लाख झाले,’ काकू म्हणाल्या, ‘म्हणजे चांगलं चाललंय. मग आता संशोधन कशाला?’

हा प्रश्न, माझ्या मते, सूनबाईंच्या कॉलेजातल्या वरिष्ठांच्याही मनात असणार. फक्त काकूंनी तो तोंडावर विचारला.

सूनबाईंनी कप कुंपणावर ठेवला. ‘आई, चांगलं चाललंय हे कशावरून? सुरुवातीला डॉक्टरांचा विश्वास नव्हता, रोग्यांचाही नव्हता. पोर्टलंडला कायझर संस्थेच्या दवाखान्यांनी १९७० पासून पीए नेमले आणि नुसते नेमले नाहीत, नोंदी ठेवल्या. किती रोगी बघितले, कोणते बघितले, खर्च किती आला. त्याच दवाखान्यांत काम केलेला रॉडरिक हूकर नावाचा पीए पुढे आयुष्यभर हेच मोजत राहिला. १९८६ साली इथल्या संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयानं अहवाल दिला, की आपल्या कक्षेतलं काम हे लोक डॉक्टरांच्या तोडीचं करतात. आकडे होते म्हणून अहवाल झाला.’

‘आणि नसते तर?’ मी काडी टाकली.

‘तर इंग्लंडसारखं झालं असतं. तिथं गेली वीसेक वर्षं असे लोक कामाला आहेत. मध्यंतरी वाद पेटला, काही रोगी दगावल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं प्रोफेसर जिलियन लेंग ह्यांना चौकशीला बसवलं. २०२५ च्या जुलैत त्यांचा अहवाल आला. हे लोक सुरक्षित आहेत असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि धोक्याचे आहेत म्हणण्याइतकाही नाही, असा त्याचा सूर. माणसं कामाला लावली आणि मोजायचं राहून गेलं.’

काकूंचा चेहरा एकदम बदलला. ‘म्हणजे बंगांसारखं म्हणतेस तू. गडचिरोलीच्या.’

मी चकित. काकू मराठी दिवाळी अंक अथपासून इतिपर्यंत वाचतात हे मी विसरले होते. डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. घरोघरी जाऊन बाळाचं वजन, श्वास, न्यूमोनियाची लक्षणं, वेळ पडली तर इंजेक्शनसुद्धा. डॉक्टर लोक हादरले असणार. पण बंगांनी ३९ गावांत हे केलं आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून बघितलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, आणि ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मग कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही.

‘अगदी तेच,’ सूनबाई म्हणाल्या. सासूनं आपला मुद्दा आपल्याहून बरा मांडला, हे त्यांना आवडलं की नाही हे चेहऱ्यावरून कळेना. ‘पण बघा, पीए काम कसं करतात ह्याचं मोजमाप निदान झालं. ते घडतात कसे, ह्याचं फार कमी झालंय. दोन-अडीच वर्षांत आम्ही मुलांना रोग्यापुढे उभं करतो. पहिलं वर्ष वर्गात, दुसरं दवाखान्यांत. एवढ्या घाईत काय शिकवलं तर टिकतं, काय शिकवलं तर वाहून जातं, हे कुणी बघायचं? शिकवणाऱ्यांनीच ना?’

इथे गप्पांना एका गोचिडीनं वळण दिलं. काकूंनी सलवार झटकली आणि घोट्याजवळ काळा ठिपका. सूनबाईंनी धावत जाऊन चिमटा आणला, गोचीड सरळ वर ओढून काढली, डबीत टाकली. जूनमध्ये न्यू जर्सीत हरणं दिसली की गोचिडी आल्याच, आणि गोचीड आली की लाइमचं भय. जवळच्या कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे, त्यावरून आजाराचं नाव पडलं. चावल्यापासून साधारण महिनाभरात त्या जागी लाल चट्टा उठतो आणि पसरत जातो, तेव्हाच औषध घेतलं तर बहुतेक जण बरे होतात. तो चुकला, तर पुढे सांधे, नसा, कधी हृदयसुद्धा.

‘माझं संशोधन ह्यावरच आहे,’ सूनबाई म्हणाल्या.

‘गोचिडीवर?’

‘चट्ट्यावर. आई, तुमच्या हातावर लाल चट्टा उठला तर कसा दिसेल?’

‘लाल कुठला दिसायला! आमच्या कातडीवर जांभळट दिसतो नाहीतर काळपट. लहानपणी तुझ्या नवऱ्याला गांधी उठल्या तर मी हात फिरवून ओळखायची, डोळ्यांनी नाही.’

‘झालं तर मग. पुस्तकात चट्टा असतो तो गोऱ्या कातडीवर. मधे लाल, मग फिकट, मग पुन्हा लाल कडी, नेमबाजीच्या चकतीवर असतात तशी. माझी मुलं ते चित्र पाठ करतात, परीक्षेत बरोबर उत्तर देतात. आणि मग ह्याच एडिसनमध्ये, जिथं ओक ट्री रोडवर निम्मी गर्दी आपल्या रंगाची, तिथं दवाखान्यात बसतात. सावळ्या हातावरचा चट्टा त्यांना किडा चावल्यासारखा वाटतो. काळ्या लोकांत हा आजार उशिरा, पसरल्यावर पकडला जातो, हे इतरांनी दाखवलंय. मला बघायचंय, की शिकवण्यातून ते सुधारतं का.’

मी खरं सांगते, तोवर ‘शिक्षणातलं संशोधन’ म्हटलं की मला जांभई यायची. हे ऐकल्यावर नाही आली.

मग तिनं पद्धत सांगितली. चाळीसेक मुलांच्या वर्गाला आधी वेगवेगळ्या रंगांच्या कातडीवरचे फोटो दाखवायचे, निदान लिहून घ्यायचं. मग तास. मग पुन्हा फोटो, पण दुसरे. इथवर कुणीही करू शकतो. तिची खरी मेख पुढे आहे: सहा महिन्यांनी, मुलं दवाखान्यांत पांगल्यावर, पुन्हा एकदा फोटो. तेव्हा लक्षात राहिलंय का?

‘कारण पुष्कळ अभ्यास पहिल्याच पायरीवर थांबतात,’ ती म्हणाली. ‘तास घेतला, कागद वाटला, आवडलं का विचारलं, मुलं म्हणाली आवडलं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या माणसानं १९५९ सालीच चार पायऱ्या सांगितल्यात: आवडलं का, आलं का, कामात उतरलं का, आणि शेवटी ज्याच्यासाठी केलं त्याचं भलं झालं का. आपण सगळे पहिल्या पायरीवर गर्दी करून उभे.’

आणि ह्यात एका विद्यार्थिनीनं बाईंचीच फजिती केली म्हणे. जर्सी सिटीची पंजाबी मुलगी. फोटो लावताना कातडीच्या रंगाचे सहा गट करायचे ठरले होते, फिट्झपॅट्रिकच्या मापानं. ती मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हे माप तर ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते ह्यासाठी १९७५ मध्ये केलेलं. आपल्याला रंग मोजायचाय, भाजणं नाही.’ आणि तिनं एलिस मंक ह्या समाजशास्त्रज्ञानं केलेलं दहा छटांचं माप शोधून आणलं, २०२२ मध्ये गूगलनं जाहीर केलेलं. पुन्हा सगळे फोटो लावावे लागले. सूनबाई हे सांगताना इतक्या खुशीत होत्या, की फजिती झालेली बाई इतकी खूश मी पहिल्यांदा बघितली.

‘विद्यार्थ्याला संशोधनात घ्यायचं ते ह्यासाठी,’ ती म्हणाली. ‘मजुरीसाठी नाही.’

मजुरीचा विषय निघाला आणि खऱ्या गप्पांची वेळ झाली. काकूंनी मोडा ओढला. कुठल्या कॉलेजातलं हे विचारू नका, सांगणार नाही. पण एका ठिकाणी मुलांकडून दोन वर्षं आकडे भरून घेतले आणि निबंध छापताना मुलांची नावंच नाहीत, खाली आभारांत. उलट विभागप्रमुखांचं नाव शेवटी ठळक, आणि त्यांनी तो निबंध वाचला होता की नाही ह्यावरच पैज लागलेली.

‘लग्नपत्रिकेसारखंच म्हणायचं,’ काकू म्हणाल्या. ‘मांडव घालणारा वेगळा, आणि आपले विनीत म्हणून छापायचे ते चुलत आजोबा, दहा वर्षांत तोंड न दाखवलेले.’

सूनबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी ह्यावर चार अटी घालून दिल्या आहेत: कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग हवा, शेवटच्या मसुद्याला संमती हवी, आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही पुऱ्या करेल तोच लेखक. तिनं आता पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली आहे, कुणाचं नाव कितवं. नंतर रडारड नको.

‘पण तू आधी दवाखान्यात होतीस ना? बरा पगार होता,’ काकूंनी विषय घरगुती केला.

होती. पीएच्या कॉलेजांत शिकवणारे बहुतेक असेच दवाखान्यातून आलेले. रोगी बघण्यात तयार. निबंध लिहिण्याचं, आकडेशास्त्राचं शिक्षण फारसं कुणाला नाही. आल्यावर कळतं, की बढती हवी तर छापून आलं पाहिजे. आणि दिवस जातो कुठे? तास, परीक्षा, प्रवेशाच्या मुलाखती, मुलांसाठी दवाखान्यांत जागा मिळवायची फोनाफोनी, मान्यतेच्या समितीची कागदपत्रं. शिवाय हात विसरू नये म्हणून आठवड्यातून एखादा दिवस स्वतःचे रोगी. संशोधन कधी करायचं विचारलं तर उत्तर येतं, ‘उपलब्ध वेळेत.’ ह्या दोन शब्दांचा अर्थ नोकरी करणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नाही: मुलं झोपल्यावर.

सूनबाईंनी दोन वर्षं भांडून गुरुवार मिळवला. कागदावर. वेळापत्रकात लिहून. त्या दिवशी तास नाही, बैठक नाही. नाहीतर ‘थोडं अडजस्ट करा’ म्हणत कुणीही तो खाल्ला असता, आणि खाणारे हसतमुख असतात हा आणखी त्रास. माझं मत विचाराल तर संशोधनाला आधार देण्याच्या सगळ्या गप्पांत हा एक वार सर्वांत महाग आणि सर्वांत कामाचा. अनुदान मिळालं आणि वेळ नाही, तर ते अनुदान आणखी एक अहवाल लिहायला लावतं, बाकी काही नाही.

अनुदानं तशी आहेत. पीए शिकवणाऱ्या संस्थांची एक संघटना आहे, पीएईए, १९७२ पासूनची. ती शिक्षकांना संशोधनासाठी लहान अनुदानं देते, तिमाही नियतकालिक काढते, आणि सगळ्या कॉलेजांची वार्षिक पाहणी करते. आयोवाच्या डेनिस ऑलिव्हर ह्यांनी ती पाहणी १९८४ च्या सुमाराला सुरू केली. किती मुलं आली, किती गळाली, शिक्षक किती, फी किती. शिवाय नव्यानं आलेल्या आणि बाहेर पडणाऱ्या मुलांची वेगळी पाहणी. संशोधकानं मागितले तर हे आकडे मिळू शकतात. चाळीस मुलांच्या वर्गावरून काही सिद्ध होत नाही हे सूनबाईंना पक्कं ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्या दोन कॉलेजांतल्या बायकांना तिनं सामील करून घेतलंय. त्या तिघींची बैठक रविवारी सकाळी असते, व्हिडिओवर, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

परवानगीची कथा मात्र वेगळी. इथं माणसांवरच्या अभ्यासाला संस्थेच्या आयआरबी नावाच्या मंडळाकडून जावं लागतं. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं काळ्या माणसांचा सिफिलिस औषध न देता डॉक्टर नुसता बघत बसले, त्याचा बोभाटा झाला, मग १९७४ साली कायदा झाला आणि ही मंडळं नीट बसवली गेली. शिकवण्याच्या पद्धतींवरच्या पुष्कळशा अभ्यासांना पूर्ण छाननीतून सूट असते. पण सूट आहे हे आपण ठरवायचं नसतं, मंडळ ठरवतं.

‘म्हणजे परवानगी लागत नाही ह्याची परवानगी,’ काकू म्हणाल्या.

‘बरोब्बर.’

मला हसू आलं, पण सूनबाईंना ते मंडळ जाचक वाटत नाही. तिचं म्हणणं, ‘ज्या मुलांना मीच मार्क देते, त्यांनाच मी विचारणार, माझ्या अभ्यासात येता का? नाही कोण म्हणेल?’ म्हणून संमतीचा कागद ती वाटत नाही, दुसऱ्या विभागाची बाई वाटते. कोण आलं, कोण नाही, हे निकाल लागेपर्यंत तिला कळत नाही. हे मला पटलं. हाताखालच्या माणसाचा होकार नेहमीच स्वस्त असतो.

राहिली मुलं. इथे सूनबाईंचं आणि माझं थोडं वाजलं. पुष्कळ अभ्यासक्रमांत प्रत्येक विद्यार्थ्यानं शेवटी एक प्रकल्प करावा असा दंडक असतो. तिला तो आवडतो. मी म्हटलं, ‘अगं, मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात नोकरी केली आहे. शेवटच्या आठवड्यात धापा टाकत येणारी मुलं मी बघितली आहेत. दोन-अडीच वर्षांत अख्खं वैद्यक घोटायचं, त्यात दर मुलाचा वेगळा विषय, दर वर्षी पाटी कोरी. असे शेकडो प्रकल्प कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहत असतील. कुणाचं भलं झालं?’

ती म्हणाली, ‘पण निबंध वाचायला तरी शिकतात.’

‘वाचायला सगळ्यांनी शिकावं. मान्यतेच्या नियमांतच आहे ना, की वैद्यकीय वाङ्मय शोधायला आणि पारखायला शिकवलं पाहिजे? ते शिकवा, कडक शिकवा. पण लिहायची सक्ती कशाला? ज्याला खाज आहे त्याला घ्या, आणि तुमच्या चालू कामात घ्या. ह्या वर्षीची मुलं फोटो लावतील, पुढच्या वर्षीची सहा महिन्यांनंतरची परीक्षा बघतील, त्यापुढची आकडे मोजतील. प्रश्न एकच, हात बदलतील.’

सूनबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘ताई, हे मी तुमच्या नावानं बैठकीत मांडू का?’

‘मांड. पण नाव कितवं ते आत्ताच लिहून दे.’

वाचनालयाचं निघालं म्हणून सांगते. वैद्यकीय ग्रंथपाल ही संशोधनातली सर्वांत दुर्लक्षित व्यक्ती. पबमेड ह्या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत कोणता शब्द टाकला तर वीस हजार निबंध अंगावर येतात आणि कोणता टाकला तर कामाचे पस्तीस, हे तिला कळतं. लोक तिच्याकडे जातात ते सगळं लिहून झाल्यावर, संदर्भ नीट लावायला. आकडेशास्त्रज्ञाचंही तेच. माहिती गोळा झाल्यावर त्याच्याकडे गेलात तर तो फक्त मृत्यूचं कारण सांगू शकतो. सूनबाईंनी दोघांना पहिल्याच महिन्यात चहाला बोलावलं. त्यांच्या कॉलेजात आकडेशास्त्रज्ञ पूर्ण वेळ नाहीच, शेजारच्या विभागाकडून तासावर उसना घ्यावा लागतो. एखादं कॉलेज खरोखर आधार देऊ पाहत असेल, तर त्यानं तसा फलक लावण्याआधी हा उसना माणूस पक्का करावा.

आणि हो, खोट्या नियतकालिकांचंही सांगायला हवं. ‘आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्यानं आम्ही भारावलो आहोत’ अशा ईमेली येतात. तीन दिवसांत छापतो म्हणतात आणि मग बिल धाडतात. एका हुशार मुलीनं क्रेडिट कार्ड काढलंच होतं. सूनबाईंनी वेळेवर हात धरला.

काकूंनी शेवटचा प्रश्न ठेवून दिला होता. ‘आपल्याकडे आहेत का गं हे पीए?’

आहेत. चेन्नईला मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन ह्यांनी १९९२ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. २०२१ साली संसदेनं सहायक आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्याच्या यादीत हा व्यवसाय नावानिशी आहे. कायदा झाला, मुलं शिकतायत. मोजणारे किती तयार होतायत, हा प्रश्न तिथंही उभा राहणार, आणि तेव्हा आपल्याला गडचिरोलीचं उदाहरण बाहेरून आणावं लागणार नाही.

सूनबाईंच्या अभ्यासाचा निकाल अजून यायचा आहे. सहा महिन्यांनंतरची फेरी ऑक्टोबरात. मुलांना सगळं लक्षात राहिलं नाही असं निघालं, तरी ती ते छापणार आहे, आणि मला तिचं सर्वांत जास्त कौतुक ह्याचंच वाटतं.

आता इथं न्यू जर्सीत आणि आसपास राहणाऱ्या तुम्हा वाचकांना दोन विनंत्या. तुमच्या घरात, नात्यात कुणी पीएच्या कॉलेजात शिकत असेल आणि त्यांना पाहणीची ईमेल आली, तर ती पुसून न टाकता भरायला सांगा. शिक्षकांच्या हातात जी माहिती येते ती तिथूनच येते. आणि दवाखान्यात एखाद्या विद्यार्थिनीनं तुमच्या हातावरच्या पुरळाचा फोटो शिकवण्यासाठी घेऊ का असं विचारलं, तर संमतीचा कागद नीट वाचा, शंका विचारा, आणि मन होत असेल तर हो म्हणा. आपल्या रंगाच्या कातडीची चित्रं पुस्तकांत कमी आहेत, आणि ती आपल्याशिवाय दुसरं कुणी देऊ शकत नाही.